घरगुती मत्स्यालयातील आकस्मिक उपकरणबिघाड

घरगुती मत्स्यालयातील आकस्मिक उपकरणबिघाड म्हणजे शोभेचे मासे पाळण्यासाठी घरात ठेवलेल्या काचपेटीतील वायुपंप, गाळणी (फिल्टर), तापक (हीटर), दिवा यांपैकी एखादे साधन किंवा खुद्द काचपेटी पूर्वसूचनेवाचून निकामी होणे. वीजपुरवठा खंडित झाला की ही सर्व साधने एकाच वेळी थांबतात, म्हणून त्याचाही विचार येथे केला आहे. नदीत किंवा तळ्यात प्राणवायूचा पुरवठा, मलद्रव्यांचे विघटन आणि तापमानाचे नियमन ही कामे निसर्ग करतो. काचपेटीत थोड्या पाण्यात पुष्कळ मासे असल्याने ती यंत्रांवर सोपवावी लागतात. यंत्र थांबल्यावर मासे किती वेळ तग धरतील हे पेटीतील गर्दी, पाण्याचे तापमान आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग यांवर ठरते. विरळ वस्तीची पेटी रात्रभर सहज निभावते. उन्हाळ्यात खच्चून भरलेल्या पेटीतील मासे काही तासांतच गुदमरू लागतात.

पहिली दक्षता

बिघाड लक्षात येताच पाण्यात हात घालण्याची ऊर्मी स्वाभाविक असली, तरी ती आवरली पाहिजे. घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि तडकलेला तापक किंवा आवरण फाटलेली तार पाण्यात वीज सोडू शकते. मासे सुखरूप पोहत आहेत, त्याअर्थी पाण्यात वीज नाही, असा तर्क पुष्कळ जण करतात. तो चुकीचा असून जीवघेणा ठरू शकतो. विजेच्या तारेवर बसलेल्या पाखराला जसा धक्का बसत नाही, तसाच पाण्यातील माशालाही बहुधा बसत नाही, कारण त्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा मार्ग नसतो. फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत तो मार्ग तयारच असतो. म्हणून मत्स्यालयाची सर्व बटणे बंद करून, प्लग खेचून काढून मगच पाण्याला स्पर्श करावा.

घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक साधन (आरसीसीबी, बोलीभाषेत ‘ईएलसीबी’) असल्यास धोका बराच कमी होतो. मत्स्यालयाचा प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग खरोखर जोडलेले असावे. तारेवरून ओघळणारे पाणी बटणापर्यंत पोहोचू नये म्हणून तार प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवतात; पाणी त्या झोळीच्या तळाशी ठिबकते. या व्यवस्थेला एक पैही खर्च येत नाही, तरी ती फार थोड्या घरांत आढळते.

प्राणवायूचा प्रश्न

उपकरण थांबल्यावर माशांना पहिला धोका असतो तो प्राणवायूच्या तुटवड्याचा. गोड्या पाण्यात हवेच्या सान्निध्यात विरघळू शकणारा प्राणवायू मुळातच अल्प असतो. २०° सेल्सिअसला दर लिटर पाण्यात तो सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, २५° ला ८.३ आणि ३०° ला सुमारे ७.५ मिलिग्रॅम. पाणी तापेल तसा प्राणवायू घटतो, आणि त्याच वेळी माशांच्या शरीरक्रिया वाढून त्यांची गरज मात्र वाढते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा खानदेशात दुपारी वीज जाणे हे पुण्यात डिसेंबरच्या रात्री वीज जाण्यापेक्षा म्हणूनच कितीतरी गंभीर ठरते.

वायुपंपाचे बुडबुडे पाण्यात प्राणवायू ‘भरतात’ ही समजूत पुरती खरी नाही. बुडबुडा पाण्यातून क्षणार्धात वर येतो. तेवढ्या वेळात त्यातून विरघळणारा प्राणवायू मर्यादित असतो. बुडबुड्यांचे खरे काम म्हणजे तळाचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग हलता ठेवणे. पाणी व हवा यांच्यातील देवाणघेवाण मुख्यतः पृष्ठभागावर होते. हे तत्त्व एकदा ध्यानात आले की आणीबाणीचे उपाय आपोआप सुचतात. पेटीचे झाकण काढावे. पाणी काठोकाठ असल्यास थोडे काढून टाकावे. स्वच्छ, साबण न लागलेल्या प्लास्टिकच्या भांड्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मिनिटे असे केल्यास छोट्या पेटीतील मासे बराच काळ तगतात. घरात शाळकरी मुले असतील तर हे काम ती आनंदाने करतात. गोल, अरुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात मात्र पृष्ठभागच अपुरा असतो. गोल्डफिशसारखा प्राणवायूची मोठी गरज असलेला मासा अशा भांड्यात ठेवण्याची प्रथा सर्वस्वी अयोग्य होय.

प्राणवायू कमी पडल्याची लक्षणे स्पष्ट असतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघड-मीट करतात, कल्ल्यांची हालचाल जलद होते, तळाशी राहणारे मासेही वर येतात आणि गोगलगायी काचेवरून पाण्याबाहेर सरकू लागतात. मात्र सर्व मासे सारखे नाहीत. फायटर (बेटा) आणि गुरामी यांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेणारे विशेष इंद्रिय असल्याने वायुपंप बंद पडल्याची त्यांना फारशी झळ लागत नाही. गप्पीचे तोंड वरच्या दिशेला वळलेले असते, त्यामुळे पृष्ठभागालगतचा प्राणवायूयुक्त पातळ थर तो टिपू शकतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते ज्या हौदांत आणि डबक्यांत गप्पी सोडते, तेथे कोणताच पंप नसतो, ही गोष्ट येथे आठवावी. संकटात आधी लक्ष द्यायचे ते गोल्डफिश, मोठे सिक्लिड आणि डिस्कस यांच्याकडे.

गाळणी थांबल्यावर

प्राणवायूनंतरचा धोका संथ, परंतु अधिक फसवा असतो. मासे कल्ल्यांवाटे आणि मलावाटे अमोनिया टाकतात. गाळणीतील स्पंज, खडी किंवा चिनी मातीच्या नळ्यांवर वाढलेले जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य. गाळणी म्हणजे केवळ कचरा अडवणारी चाळणी नसून ती जिवंत जीवाणूंची वसाहत असते. या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो.

प्रवाह थांबला की बंद डब्याच्या गाळणीतील (कॅनिस्टर) पाण्याचा प्राणवायू काही तासांतच संपतो. उपयुक्त जीवाणू मरू लागतात, प्राणवायूविना वाढणारे जीवाणू माजतात आणि आतील पाण्याला कुजका वास येऊ लागतो. वीज परत आल्यावर गाळणी तशीच सुरू केली, तर हे दूषित पाणी एका झटक्यात पेटीत शिरते. वीज नसताना तगलेले मासे वीज आल्यानंतर मेले, अशी तक्रार ऐकू येते ती बहुधा यामुळेच. खडीखाली बसवलेल्या गाळणीबाबतही (अंडरग्रॅव्हल) हाच धोका असतो आणि तेथे तो खडीखाली दडलेला असल्याने दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. वीज लवकर येण्याचे लक्षण नसेल तर बंद गाळणी उघडून तिच्यातील स्पंज व इतर माध्यम पेटीच्या उघड्या पाण्यात ठेवावे. हाताने पाणी ढवळले जाते तेव्हा त्यालाही प्राणवायू मिळतो. गाळणी तशीच राहिली असेल, तर सुरू करण्याआधी तिच्यातील पाणी ओतून द्यावे आणि माध्यम पेटीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावे. नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेसुरले जीवाणूही मारते. सर्व माध्यम टाकून नवे कोरे बसवण्याचा सल्ला दुकानांतून सर्रास दिला जातो. तो मानल्यास जीवाणूंची वसाहत मुळापासून उभी करावी लागते आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. मित्राच्या निरोगी पेटीतील वापरलेला स्पंजाचा तुकडा मिळाला, तर तो बाजारातील कोणत्याही बाटलीबंद औषधापेक्षा भरवशाचा. दही लावायला शेजारून विरजण आणण्यासारखाच हा प्रकार.

या काळात माशांना खाद्य देऊ नये. निरोगी प्रौढ मासा काही दिवस उपाशी सहज राहतो, आणि न दिलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होत नाही. भुकेल्या माशांची कीव येऊन चिमूटभर दाणे टाकणारे लोक नकळत विषच कालवत असतात.

अमोनियाची विषाक्तता पाण्याच्या सामूवर (पीएच) अवलंबून असते. २५° सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास तो ५ टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. व्यवहारात याचा परिणाम असा होतो की, जुन्या, आम्लधर्मी झालेल्या पेटीत अमोनिया साचला असताना एकदम अर्धे पाणी काढून बोअरचे कठीण, विम्लधर्मी पाणी भरले, तर सामू चढून उरलेला अमोनिया विषारी बनतो. दख्खनच्या पठारावरील पुष्कळशा बोअरचे पाणी याच प्रकारचे असल्याने पाणी एकदम न बदलता पाव-पाव हिश्शाने, काही तासांच्या अंतराने बदलणे श्रेयस्कर. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट (छायाचित्रकारांचा ‘हायपो’, दुकानातील ‘अँटिक्लोर’) वेष्टनावरील प्रमाणात घालावे. नायट्राइट वाढल्याचे चाचणीत दिसले तर दर दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा खडेमीठ विरघळवून घातल्यास मिठातील क्लोराइडमुळे कल्ल्यांवाटे नायट्राइट शोषले जाणे कमी होते.

तापकाचे दोन बिघाड

तापक दोन प्रकारे बिघडतो: तापवणे थांबते किंवा तापवणे थांबतच नाही. यांपैकी दुसरा प्रकार जास्त घातक असतो.

तापकातील तापमान-नियंत्रकाचे संपर्कबिंदू वारंवार उघड-मीट होऊन झिजतात व कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग वीज अखंड वाहत राहते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५७ लिटर पाणी मावते. ते एक अंशाने तापवण्यास १०० वॅटच्या तापकाला जेमतेम ४० मिनिटे लागतात. काही उष्णता बाहेर जाते हे धरले, तरी रात्री चिकटलेला तापक सकाळपर्यंत पाणी माशांना असह्य होईल इतके तापवू शकतो. त्याऐवजी ५० वॅटचा तापक असता तर तापण्याचा वेग निम्मा झाला असता आणि बिघाड हेरायला वेळ मिळाला असता. मोठ्या पेटीत एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान तापक वापरण्याची शिफारस केली जाते ती याचसाठी. एक बंद पडला तर दुसरा निभावतो आणि एक चिकटला तरी एकटा पाणी उकडू शकत नाही.

तापलेले पाणी थंड करताना घाई करू नये. प्लग काढून झाकण उघडावे, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही. बर्फ थेट पाण्यात न टाकता घट्ट बंद पिशवीत किंवा बाटलीत घालून तरंगता ठेवावा. तापमान ताशी एक-दोन अंशांपेक्षा वेगाने बदलू नये.

तापक थंड पडल्यास कोकणात व मुंबईत सहसा काही बिघडत नाही. नाशिक, पुणे, नागपूर येथे हिवाळ्यात किमान तापमान १०° सेल्सिअसच्या खाली जाते, तेथे उष्ण कटिबंधातील मासे सुस्त होतात व त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर जडतो. पेटीच्या बाजूंना गोधडी किंवा जाड चादर गुंडाळावी, मात्र वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. ६०° पर्यंत तापवलेल्या पाण्याची दोन लिटरची बंद बाटली ५० लिटरच्या पेटीत तरंगत ठेवल्यास पाणी सव्वा-दीड अंशाने चढते. उकळते पाणी भरल्यास प्लास्टिकची बाटली आकसते आणि कधी गळते. गोल्डफिशला या कशाचीच गरज नसते. त्याला थंडी मानवते.

काचेचा तापक चालू असताना पाण्याबाहेर काढल्यास तडकतो. पाणी बदलण्यापूर्वी पाव तास आधी तो बंद करणे हा नियम मोडल्यानेच बहुतेक तापक फुटतात.

वायुपंप व गाळणीची दुरुस्ती

सामान्य वायुपंपात विद्युतचुंबकाशेजारी चुंबक लावलेली एक पट्टी असते. ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाने ती सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिला जोडलेला रबरी पडदा हवा ढकलतो. पंपाची ओळखीची घरघर ती हीच. पंपाची घरघर ऐकू येते पण हवा येत नाही, तेव्हा पडदा फाटलेला असतो किंवा वातखडा (एअरस्टोन) चोंदलेला असतो. आधी खडा काढून नळी पाण्यात धरून पाहावी. घरघरच नसेल तर तार किंवा गुंडाळी जळालेली असते. असा पंप बदलणेच बरे. पडदा मात्र स्वतंत्र विकत मिळतो व पेचकसाने दहा मिनिटांत बसतो.

पाण्याच्या पंपाने चालणारी गाळणी वीज परतल्यावर सुरू होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा चुंबकीय पात्यात (इम्पेलर) अडकलेली वाळू किंवा जमलेले क्षार असते. पाते काढून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने क्षार उतरवावेत, धुवावे आणि मधली चिनी मातीची बारीक काडी मोडली नाही ना, हे पाहावे. पंप न फिरता नुसता गुणगुणत राहिला तर तो तापतो, म्हणून वीज आल्यावर प्रत्येक उपकरण खरोखर चालू झाले की नाही, हे डोळ्यांनी तपासणे आवश्यक असते.

वायुपंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर नळीतून वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी उलटे पंपात व तेथून फरशीवर येऊ शकते. नळीत एकदिशा झडप (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवणे किंवा पंप पातळीपेक्षा उंच ठेवणे हे दोन उपाय आहेत. दिवा बंद पडल्याने माशांचे काही बिघडत नाही. दाट वनस्पती असलेल्या पेटीत मात्र अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात, हे विसरू नये.

काचपेटी गळू लागल्यास

वरील पेटीतील पाण्याचेच वजन ५७ किलोग्रॅमच्या घरात जाते, म्हणून भरलेली पेटी कधीही उचलू नये. गळती शिवणीत वरच्या बाजूस असेल तर पातळी तिच्याखाली आणल्याने वेळ मिळतो. तळाशी असेल तर मासे, त्यांचेच पाणी आणि गाळणीचे माध्यम दुसऱ्या भांड्यात हलवावे. हे भांडे प्लास्टिकचे असावे. घाईगर्दीत हाताशी असलेले तांब्याचे घंगाळ किंवा पितळी हंडा वापरण्याचा मोह होतो. पण पाण्यात उतरणारे तांबे माशांना विषारी असते आणि कोळंबी व गोगलगायींना तर अत्यल्प प्रमाणातही मारते. कपडे भिजवण्याची बादलीही साबणाच्या अंशामुळे टाळावी.

दुरुस्तीसाठी काच पूर्ण कोरडी करून जुने सिलिकोन खरवडून काढावे लागते, कारण नवे सिलिकोन जुन्यावर धड चिकटत नाही. बुरशीरोधक रसायन मिसळलेले, न्हाणीघरासाठीचे सिलिकोन वापरू नये. किमान एक दिवस, शक्यतो दोन-तीन दिवस, ॲसेटिक आम्लाचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पेटी कोरडी ठेवावी आणि मासे सोडण्यापूर्वी पाणी भरून दिवसभर पाहावी.

महाराष्ट्रातील वीजखंड आणि पूर्वतयारी

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांत भारनियमनाने दिवसाचे अनेक तास वीज नसे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईच्या उपनगरांत, तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरीच्या किनारी गावांत वीज कित्येक दिवस परतली नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराचा पुरवठा काही तास ठप्प झाला. अशा अनुभवांमुळे येथील मत्स्यपालकाने वीज जाणारच, असे गृहीत धरून पेटी मांडणे शहाणपणाचे ठरते.

वायुपंप फार थोडी वीज घेतो, छोटा असल्यास ३ ते ५ वॅट. घरगुती इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालवणे अवघड नाही. तापक मात्र इन्व्हर्टरवर लावू नये, बॅटरी पाहता पाहता उतरते. चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंप जास्त घरघरतात व तापतात. बॅटरीच्या घटांवर चालणारे, तसेच मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारे ५ व्होल्टचे वायुपंप मिळतात. असा एक पंप, जादा रबरी पडदा, नळी, एकदिशा झडप, तापमापी आणि अमोनियाची चाचणी एवढे सामान घरी असले म्हणजे पुष्कळ झाले. एका हवेवर चालणाऱ्या स्पंज गाळणीची जोड मुख्य गाळणीला दिली, तर पॉवर बँकेवरच्या पंपानेही जीवाणू जगवता येतात.

यंत्रांवरील अवलंबित्व कमी करणे हा दुसरा मार्ग आहे व तो अधिक जुनाही आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर आधारलेला समतोल दाखवून दिला. तेव्हा विजेचा पंप अस्तित्वातच नव्हता. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ च्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. वनस्पती दाट, मासे थोडे आणि खाद्य बेताचे असलेली पेटी आजही वीजखंडात सर्वांत उशिरा संकटात येते. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांना ही सवलत नाही. प्रवाळ व सागरी मासे प्रवाहाविना फार काळ राहू शकत नाहीत, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षाही कमी विरघळतो.

माशांचे पुनर्वसन

वारंवारच्या बिघाडाला कंटाळून काही जण छंद सोडतात आणि मासे जवळच्या तळ्यात, विहिरीत वा नदीत सोडून देतात. यामागची भावना भूतदयेची असली, तरी परिणाम उलटा होतो. पेटीतील काच चाटणारा ‘सकर’ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून तो अशाच मार्गाने भारतातील अनेक जलाशयांत, महाराष्ट्रातही, पसरला आहे. काटेरी, कठीण कवचामुळे त्याला खाणारे कोणी नसते, कोळ्यांची जाळी तो फाडतो आणि बाजारात त्याला किंमत येत नाही. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाकडे सोपवावेत. बरेच दुकानदार ते विनामूल्य स्वीकारतात. बिघाडात मेलेले मासे तातडीने पेटीतून काढून कुंडीत वा परसात पुरावेत, कारण पेटीत कुजणारा एक मासाही उरलेल्यांसाठी अमोनियाचा स्रोत बनतो. वीज परतल्यानंतरचे सात-आठ दिवस दररोज अमोनिया व नायट्राइट तपासावे, खाद्य निम्म्यावर ठेवावे आणि दोन्ही चाचण्या शून्यावर आल्यावरच ते पूर्ववत करावे.